करपलेले भांडे आणि द्रव्यशुद्धी



दर महिन्याला आपण एखादा अभंग घेऊन त्याची पदे सोडवीत बसतो. या खेपेस निरूपणाला बुडाशी करपलेले बगुणे घेतले आहे. कोणाला हसू आले तर हसून घ्यावे, पण पुढचे वाचावे.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणास दिंड्या उतरतात. छत्रपती संभाजीनगराहून पैठण जेमतेम 50 किलोमीटर. त्यामुळे शहरातली मंडळीही आपली भांडीकुंडी टेम्पोत घालून येतात. राहुट्या पडतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, कोणी गॅसची शेगडी आणतो, आणि शंभर-दीडशे पानांचा भात एकाच बगुण्यात शिजू लागतो. वाऱ्याने जाळ एका अंगाला जातो, ढवळणारा हरिपाठाला उठून जातो, आणि भात लागतो. वरचा पंगतीला जातो, खालचा बुडाशी राहतो. रात्री कीर्तन संपते, श्रोते अंथरुणाला पाठ टेकतात, आणि तेव्हा नदीच्या अंगाने खर्रखर्र असा आवाज येत असतो. चार-पाच माउल्या विटेचा तुकडा घेऊन ते बुड घाशीत बसलेल्या असतात. हा आवाज आम्ही 40 वर्षांवर ऐकत आलो आहोत. गेल्या षष्ठीला त्यांतल्या एकीने आपला हात आमच्यापुढे धरला. बोटांची टोके सोलली होती. म्हणाली, "महाराज, दोन तास झाले, निघंना बघा. तुमच्या पोथीत ह्याच्यावर काही सांगितलंय का?" तिने थट्टेने विचारले. पण पोथीत सांगितले आहे.

आता पूर्वपक्ष ऐका. आमच्याच दिंडीतला एक जुना टाळकरी म्हणाला, "महाराज, कीर्तनकाराने ब्रह्म-माया बोलावे. राख-घासणी हा काय परमार्थाचा विषय? तो बायामाणसांचा धंदा." याला उत्तर द्यायला आम्ही आमच्या पदरचे काही घालीत नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात 21 वा अध्याय आहे. तेथे प्रत्यक्ष भगवान उद्धवाला शुद्धाशुद्धाचा विचार सांगत आहेत. धान्य, लाकूड, सूत, रस, धातू, कातडे, मातीच्या वस्तू, यांची शुद्धी कशाने होते? तर काल, वायू, अग्नी, मृत्तिका आणि जल यांनी. कधी एकेकट्याने, कधी चौघापाचांच्या मेळाने. आणि लगेच पुढच्या श्लोकात भगवंतांनी शौचाचे लक्षण बांधून दिले आहे. त्याचा भावार्थ असा की, वस्तूला नको ते चिकटले असता ज्या उपायाने त्याचा गंध जाईल, त्याचा लेप जाईल आणि वस्तू आपल्या मूळ प्रकृतीला येईल, तोच तिच्या शुद्धीचा उपाय, आणि तोही तेवढ्यापुरताच.

याच एकादश स्कंधावर पैठणच्या नाथमहाराजांनी टीका लिहिली. तिचा आरंभ पैठणला झाला आणि शके 1495 मध्ये, म्हणजे इसवी सन 1573 मध्ये, काशीत ती पूर्ण झाली. ज्या गावच्या वाळवंटात आमच्या माउल्या बुड घाशीत बसतात त्याच गावच्या पुरुषाने हा अध्याय मराठीत आणला. तेव्हा विषय परका आहे, असे त्या टाळकऱ्याने पुन्हा म्हणू नये.

शास्त्री मंडळी येथे एक शंका काढतील. त्या श्लोकात अमेध्याचा, म्हणजे अपवित्र पदार्थाचा लेप सांगितला आहे; करपलेला भात तर अन्न आहे, त्याला अमेध्य कसे म्हणावे? शंका रास्त आहे. भात अमेध्य नाही. पण गंध, लेप आणि प्रकृती ही जी तीन लक्षणे भगवंतांनी दिली ती भांड्याला जशीच्या तशी लागू पडतात, म्हणून आम्ही ती उचलली. शब्दासाठी भांडत बसायला आम्हाला सवड नाही. तिकडे बुड तसेच राहिले आहे.

पाच साधनांत पहिले नाव कालाचे. छंदाच्या सोयीसाठी ते पहिले आले म्हणा किंवा अर्थासाठी म्हणा, पण आमच्या माउल्यांचे सोललेले हात वाचवणारा शब्द तोच आहे. भांडे करपले की माणूस धावतो घासणीकडे. अहो, आधी करपले काय ते तरी बघा. भाताची पेज, डाळीचा अंश, दुधातली साय-साखर, तेल, हे सगळे बुडाशी तापत राहिले की आधी तपकिरी होते, डिंकासारखे धरते, आणि शेवटी त्याचा कोळसा होतो. जो पुरता कोळसा झाला तो पाण्यात विरघळत नाही, साबणात नाही, चिंचेत नाही, सोड्यातही नाही. मग तो निघतो कसा? तर त्या कोळशाला भांड्याशी धरून ठेवणारा जो अर्धवट जळलेला चिकटा असतो तो पाण्याने फुगतो आणि क्षाराने सुटतो. धरणारा सुटला की काळे आपोआप खपली होऊन वर येते. घासणारा माणूस त्या कोळशाशी झगडतो आणि धरणाऱ्याला हातही लावीत नाही. म्हणून दोन तास जातात.

तर क्रम असा ठेवावा. करपल्याचा वास आला की प्रथम जाळ ओढावा. वरचे अन्न बुडाला उलथने न लावता दुसऱ्या भांड्यात काढावे. बुड खरवडले तर तो वास सगळ्या भाताला लागतो आणि शंभर पाने वाया जातात. मग भांडे कोमट होऊ द्यावे. तापल्या बुडावर गार पाणी ओतू नये. जर्मनच्या पातळ पातेल्याचे बुड त्याने वाकते, आणि मुलामा दिलेल्या भांड्याचा मुलामा तडकतो. कोमट भांड्यात कोमट पाणी, करपलेला भाग बुडून वर दोन बोटे राहील एवढेच, घालावे. त्यात भांड्याच्या धातूला सोसेल ते घालावे, ते पुढे सांगतो. झाकण ठेवावे आणि निजावे. काकड्याला उठाल तेव्हा लाकडी उलथने किंवा करवंटीचा तुकडा फिरवा. जे रात्री दोन तासांत निघाले नसते ते बरेचसे सकाळी 10 मिनिटांत निघते. आणि पाणीही थोडके लागते. मराठवाड्याच्या माणसाला याचे मोल सांगायला नको; 2016 साली लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. भिजवायला दोन तांबे पुरतात. न भिजवता घासत राहिले तर दर घासणीला एक तांब्या विसळायला लागतो.

वायूचे काम थोडे आहे पण ते विसरू नये. भिजवूनही काही ठिपके राहिले तर भांडे उन्हात पालथे न घालता उताणे ठेवावे. राहिलेला थर वाळला की आकसतो, त्याला भेगा पडतात, कडा उचलतात. मग पुन्हा एकदा भिजवावे. पाणी त्या भेगांतून आत जाते. गंधालाही हाच उपाय. करपल्या दुधाचा वास धुऊनही भांड्यात राहतो. त्या भांड्यावर झाकण घालून ठेवणाऱ्याला तो वास दुसऱ्या दिवशी चहात भेटतो.

अग्नीने बिघडले ते अग्नीनेच सुधारते, पण पाण्याच्या मध्यस्थीने. भिजवायला रात्र हाताशी नसेल तर करपलेल्या भांड्यात पाणी घालून ते पुन्हा मंद जाळावर ठेवावे. स्टीलचे भांडे असेल तर लिटरभर पाण्याला दोन चमचे खाण्याचा सोडा घालावा आणि पाव तास उकळू द्यावे. खाण्याचा सोडा पाण्यात उकळला की त्यातून वायू निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा राहतो. म्हणून थंड पाण्यापेक्षा उकळत्यात तो जास्त काम करतो. उकळी चालू असतानाच लाकडी उलथन्याने तळ हलवीत राहावे, खपल्या वर येऊन तरंगू लागतात.

मृत्तिकेत राख, माती, वाळू, मीठ हे सगळे धरा. येथेच फार घोळ होतो. विटेचा चुरा आणि नदीची जाड वाळू ही कठीण असतात. ती लेपाबरोबर भांडेही खातात. चरे पडले की पुढच्या खेपेस अन्न त्या चऱ्यांत अधिक घट्ट बसते. म्हणजे आज जोर लावून घासलेले भांडे उद्या अधिक करपते. गोवरीची राख मऊ असते, ती वस्त्रगाळ करून घ्यावी. लाकडाच्या राखेत क्षार असतो, बोटांना बुळबुळीत लागतो तो तोच. तेलकटपणावर तो साबणासारखा चालतो, पण हाताचे कातडेही ओढतो, म्हणून मागाहून हाताला थेंबभर गोडेतेल लावावे. दगडी कोळशाची राख खरखरीत, ती नको. आणि आताशा चुलीत प्लास्टिकच्या पिशव्या जाळतात. त्या चुलीची राख भांड्याला लावूच नये. मीठ मात्र फार शहाणे आहे. घासता घासता त्याचा खडा झिजतो आणि पाण्यात विरून जातो, भांड्यात मागे राहत नाही. घासायला नारळाची शेंडी घ्यावी; तारेची घासणी सगळ्यांच्या शेवटी, आणि तीही सगळ्या भांड्यांना नाही.

आता आम्ल आणि क्षार. मनुस्मृतीच्या 5 व्या अध्यायात द्रव्यशुद्धी आली आहे, तेथे तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथिल आणि शिसे यांना क्षार, आंबट पदार्थ आणि पाणी यांनी, ज्याला जे योग्य त्याने, शुद्ध करावे असे म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात आणखी वाटणी केली आहे: तांबे, कथिल, शिसे यांना क्षार-आम्ल, आणि कासे व लोखंड यांना राख-पाणी. बघा, लोखंडाला राख सांगितली आहे. तव्याला चिंच लावणारी सून आणि तिला बोलणारी सासू यांच्या भांडणाचा निवाडा या ठिकाणी सासूच्या बाजूने लागतो. दुसरीकडे कोठे लागतो ते आम्ही सांगत नाही.

साधा भेद ध्यानात ठेवायचा तो असा. जळके अन्न आणि तेल यांना क्षार लागतो, म्हणजे राख किंवा सोडा. धातूवर चढलेला काळा-हिरवा गंज, तसा पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर, यांना आम्ल लागते, म्हणजे चिंच, लिंबू, आमसूल, आंबट ताक. चिंचेतले आंबट तांब्यावरचा गंज विरघळवते पण भाताच्या कोळशाला काही करीत नाही. म्हणून "महाराज, चिंच लावली तरी निघाले नाही" म्हणणाऱ्या माउलीने चिंचेला दोष देऊ नये. रोग एक आणि औषध दुसरे.

आणि हल्ली सोडा आणि लिंबू दोन्ही एकदम टाकण्याची रीत पडली आहे. फसफसून फेस येतो, बघणाऱ्याला वाटते मोठे काम चालले आहे. तो फेस थोडी खपली हलवतो हे खरे. पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात, आणि घटकाभरात भांड्यात दोघांचाही गुण नसलेले पाणी उरते. आधी सोडा, मग धुणे, मग हवे तर लिंबू, असा क्रम ठेवावा. फेस बघण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी. एक मात्र हौसेनेही करू नये: पाणी शुद्ध करायला यात्रेत ब्लीचिंग पावडर येते, ती भांड्याला लावून वर चिंच, लिंबू किंवा शिरका कधीही घालू नये. त्यातून विषारी वायू उठतो, डोळे झोंबतात, छाती धरते. राहुटीच्या बंद कनातीत तर ते जिवावर बेतेल.

आता प्रकृती. हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा, आणि जोर लावणारा माणूस विसरतो तोही हाच. लेप काढता काढता वस्तूच काढून टाकली तर शुद्धी कोणाची केली?

कल्हईच्या भांड्याचे उदाहरण घ्या. पितळेच्या पातेल्याला आतून कथिलाचा हात दिलेला असतो. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कापसाच्या बोळ्याने कथिल फिरवतो, आणि आत चांदीसारखे लखलखते. ते कथिल म्हणजे पातळ पापुद्रा. पितळेत तांबे असते. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की कळकतो, निळसर-हिरवा होतो, जिभेला विचित्र लागतो, आणि खाणाऱ्याला ओकारी होते. कथिलाचा पापुद्रा माणसाला त्यापासून राखतो. आता मध्यरात्री विटेने घासणारी माउली भात काढीत नाही, ती कल्हई काढते. सकाळी भांडे आतून पिवळेधमक दिसते, सगळ्या जणी म्हणतात, "काय लख्ख निघालं!" आणि त्याच भांड्यात अष्टमीच्या काल्याचे दही कालवतात. मंडळी, हा पिवळा लखलखाट घातक आहे. आतून पिवळे दिसले की ते भांडे आंबटाला बंद करावे आणि कल्हईला टाकावे. कल्हईवाल्याकडे शुद्ध कथिल मागावे. शिशाची भेसळ असलेले कथिल स्वस्त पडते पण ते पोटात जाते. संभाजीनगरच्या कासारी बाजाराच्या नावातच कासार आहेत, पण आता दारावर "कल्हईऽऽ" अशी हाक क्वचितच ऐकू येते. तेव्हा आहे ती कल्हई जपावी. असे भांडे करपले तर कोमट पाणी, चिमूटभर खाण्याचा सोडा, मंद उकळी आणि मऊ फडके; राख चोळायची नाही, तार लावायची नाही. रिकामे तर आचेवर क्षणभरही ठेवू नये. कथिल 232 अंशांना वितळते. आत पाणी असेतोवर भांड्याचा तळ 100 अंशांच्या फारसा पुढे जात नाही, म्हणून निर्धास्त. पाणी आटले की कथिल थेंब होऊन गोळा होते. फोडणीही अशा भांड्यात बेतानेच द्यावी.

लोखंडाचा तवा आणि कढई यांची गोष्ट उलटी. त्यांचा काळेपणा म्हणजे मळ नाही. तेल तापून तापून धातूवर जो काळा, गुळगुळीत थर बसतो तोच भाकरी सुटवतो आणि गंजाला अडवतो. नवी सून आली, तिने तवा पांढरा होईतो घासला, दुसऱ्या दिवशी त्यावर तांबूस गंज चढला आणि भाकरी चिकटली, असे घरोघर घडते. लोखंडाची प्रकृती काळी. तिला पांढरी करणे म्हणजे शुद्धी नव्हे. त्यावर अन्न करपले तर पाणी घालून उकळावे, लाकडाने खरवडावे, जाड मीठ किंवा राख फिरवावी, धुवावे आणि लगेच आचेवर कोरडे करून तेलाचे बोट फिरवावे. भिजवून रात्रभर ठेवायचा नियम येथे चालत नाही. चिंच-लिंबूही नाही. कालाचा एवढा महिमा सांगून हा अपवाद का, असे कोणी विचारील. तर अधिकार पाहून साधन द्यावे, हे आपल्या संप्रदायाला नवे नाही.

जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, यात्रेत सर्वांत जास्त. हलके, स्वस्त, दिंडीला सोयीचे. याला क्षार सोसत नाही. सोडा किंवा राखेचे पाणी रात्रभर ठेवले तर भांडे काळे पडते आणि धातूच थोडा थोडा विरघळतो. याला साध्या कोमट पाण्यात भिजवावे, मग पाण्यात चिंचेचा कोळ किंवा पिळलेल्या लिंबाच्या साली टाकून उकळावे. जळके अन्न काही चिंचेने विरघळत नाही. उकळीने ते मऊ होते, आणि चिंचेने धातूची झळाळी परत येते. कोणी आधीच सोड्याने काळे केले असेल तर तेही याच उकळीने उजळते. कुकरच्या तळाशी पाणी घालताना आपल्या आया-आजी चिंचेचे बुटुक टाकतात ते याचसाठी. मात्र उकळून झाले की ते आंबट पाणी तसेच ठेवू नये, ओतून द्यावे.

स्टील सगळ्यांत सोशीक. सोडा चालतो, लिंबू चालते, भिजवणे चालते. फक्त तारेने आरशासारखा भाग घासला तर चरे पडतात. तापून निळे-जांभळे डाग पडले तर शिरका किंवा लिंबू पुसावे. मातीच्या भांड्याला साबण लावू नये, ते पितात. गरम पाणी, राख, ऊन. आणि आता शहरात तव्याला काळा न चिकटणारा लेप देऊन मिळतो; तेथे लेप हीच वस्तूची प्रकृती आहे, तेव्हा कोमट पाणी आणि मऊ फडके यांपलीकडे जाऊ नये. तो लेप सोलला तर तव्याचा मोह सोडावा. रिकामा आचेवर तर ठेवूच नये, फार तापला की त्याचा धूर छातीला बरा नाही.

मुळात करपूच नये म्हणून काय करावे, हेही दोन शब्दांत. दूध तापवायचे भांडे आधी पाण्याने विसळून ओलेच वापरावे. गॅसचा जाळ एका ठिकाणी लागतो, म्हणून पातळ बुडाच्या भांड्याखाली लोखंडी तवा ठेवावा. ऊब सारखी पसरते. चुलीवर ठेवण्याआधी बगुण्याला बाहेरून ओल्या राखेचा लेप द्यावा. काजळी त्या लेपावर बसते आणि लेपासकट धुऊन जाते. जुने आचारी हे न सांगता करीत. आणि ढवळणाऱ्याने हरिपाठाला जाऊ नये. हे आम्ही जाणूनबुजून लिहितो आहोत. शंभर जणांच्या अन्नाजवळ उभा असलेला माणूस झाऱ्याबरोबर नाम घेईल तर ते पांडुरंगाला पोहोचते.

राहिला त्या टाळकऱ्याचा दुसरा शब्द, "बायामाणसांचा धंदा." बाबा, धर्मराजाच्या राजसूयात उष्ट्या पत्रावळी कोणी उचलल्या, हे तू शंभर कीर्तनांत ऐकले आहेस. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन 12 वर्षे कावडीने पाणी कोणी भरले? त्या वाड्यातला रांजण आजही दाखवतात, यात्रेकरू त्यात पाणी घालतात, तूही घातले असशील. जनाबाईच्या जात्याला हात कोणी लावला? ज्याच्या पाया पडायला आपण मैलोगणती चालतो त्याने ही सगळी कामे केली, आणि आपण पंगतीतून उठून हात धुऊन जातो. आम्ही आमच्या दिंडीत यंदापासून असे ठरवले आहे की शेवटच्या पंगतीला बसलेल्या पुरुषांनी भांडी कोमट पाण्यात भिजत घालूनच उठायचे. घासायचे काम सकाळी, उजेडात, सगळ्यांनी वाटून. मध्यरात्री नदीकाठी कोणी माउली बसलेली दिसली तर पखवाजी असो की विणेकरी, त्याने आधी तिला उठवून निजायला पाठवायचे. विणेकऱ्याने वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन, हे सांगायला नको.

येथे एक लबाडीही सांगून ठेवतो. द्रौपदीच्या थाळीला एक भाजीचे पान चिकटून राहिले होते, तेवढ्यावर भगवंत तृप्त झाले आणि दुर्वासांचे संकट टळले, हा दाखला देऊन काही मंडळी भांडे अर्धवट घासून ठेवतात. असे पान दिंडीच्या बगुण्यात राहिले तर त्यावर भगवंत नव्हे, झुरळे तृप्त होतात.

भांडी घासण्याची जागा नदीच्या धारेपासून दूर धरावी. पैठणला धरणाखाली गोदेचे पाणी कधी भरपूर असते, कधी डबक्यासारखे थांबलेले असते. आणि त्याच पाण्यात पहाटे स्नाने होतात, तेच तीर्थ म्हणून तोंडात घालतात. भिजवलेले पहिले पाणी, त्यातल्या खपल्या, सोडा, राख, तेल, हे सगळे वाळवंटात वर खड्डा काढून त्यात ओतावे. ताटा-पातेल्यांतला शितांचा गाळ आधी चाळणीत वेगळा काढावा, म्हणजे खड्ड्यावर माश्या घोंगावत नाहीत. अष्टमीला काला झाला आणि राहुट्या निघाल्या की खड्डा मातीने बुजवून वर दोन दगड ठेवावेत, म्हणजे मागाहून येणाऱ्या दिंडीची चूल नेमकी तेथेच मांडली जाणार नाही.